कॅमेऱ्याने १०० नॅनोमीटर मोजायचेत? आधी एक रात्र स्टेज अजिबात हलवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.टेक.चा प्रोजेक्ट, पिएझोवर, म्हणजे व्होल्टेज दिलं की किंचित लांब होणाऱ्या पदार्थावर, चालणारं छोटं दोन अक्षांचं स्टेज (सरकणारा पाट) बनवलंय, त्यावर मायक्रोग्रिपर, म्हणजे बारीक चिमटा, बसवायचाय. जागा इतकी कमी की एन्कोडर, म्हणजे हालचाल मोजणारा सेन्सर, बसत नाही, लेझर इंटरफेरोमीटरचं बजेट नाही, म्हणून वरून मायक्रोस्कोपचा कॅमेरा लावून ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पोझिशन मोजायची आहे. गाईडनी १०० नॅनोमीटरची अट घातलीय आणि हिशोब केला तर एक पिक्सेलच ३४५ नॅनोमीटरचा येतोय. मग पिक्सेलपेक्षा लहान अंतर मोजणार कसं, आणि झेडचं, म्हणजे उंचीचं, काय करायचं?

होतं हे, अगदी व्यवस्थित होतं. गेली चौदा वर्षं मी हेच काम करतेय, पुण्यात एका लॅबमध्ये, आणि तुम्हाला जी भीती वाटतेय त्या पिक्सेलने मला फारसा त्रास कधी दिला नाही. त्रास दिला तो उष्णतेने, डिंकाने आणि उजेडाने. त्यामुळे पिक्सेलचं उत्तर आधी देते, पण खरा वेळ पुढच्या गोष्टींवर घालवा.

कॅमेऱ्याचा निर्णय बरोबर आहे तुमचा, हे आधी सांगून टाकते, कारण बरेच जण त्याकडे नाईलाज म्हणून बघतात. पिएझोला व्होल्टेज दिलं की तो नेमका किती सरकेल ते त्याच्या आधीच्या हालचालीवर अवलंबून असतं, ओपन लूपमध्ये, म्हणजे न मोजता चालवलं तर, हा हिस्टेरेसिस सहज १० ते १५ टक्के असतो, वर क्रीप, म्हणजे व्होल्टेज तेच असताना हळूहळू सरकत राहणं, वेगळा, म्हणजे फीडबॅकशिवाय गत्यंतर नाही. पण फीडबॅक कुठून घ्यायचा? एन्कोडर सांगतो ॲक्च्युएटर कुठे आहे ते. तुम्हाला हवंय ग्रिपरचं टोक कुठे आहे ते, आणि या दोघांच्या मधे फ्लेक्शर (वाकून हालचाल देणारी पातळ पट्टी), स्क्रू, गोंद, वाकणं, तापणं सगळं येतं. २०१८ साली हार्वर्डच्या ग्रुपने मिलीडेल्टा नावाचा तीन हातांचा डेल्टा रोबो दाखवला, सगळा मिळून १५ बाय १५ बाय २० मिलिमीटर, आणि नेमकेपणा साधारण ५ मायक्रॉनचा. एवढ्याशा यंत्रात टोकावर सेन्सर आणि त्याची वायर लावली तर रोबोची चालच बदलेल. कॅमेरा हात न लावता थेट टोकाकडे बघतो, आणि एका फ्रेममध्ये एक्स, वाय आणि कोन तिन्ही देतो. हा मोठा फायदा आहे.

आता पिक्सेल. तुमच्या आकड्यावरून दिसतंय की सेन्सरचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आणि ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपची पुढची लेन्स) १०एक्स, म्हणजे दहापट, म्हणून ०.३४५ मायक्रॉन. लाँग वर्किंग डिस्टन्सचं १०एक्स असेल तर त्याचं न्युमेरिकल ॲपर्चर, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातला उजेड गोळा करते तो आकडा, ०.२८ च्या आसपास, म्हणजे हिरव्या उजेडात दोन ठिपके वेगळे दिसायला मधे साधारण १.१ मायक्रॉन अंतर लागतं. हे वाचून लोक म्हणतात, मग संपलंच, १.१ मायक्रॉनच्या खाली काही दिसणार नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या दिसणं आणि एक गोष्ट कुठे आहे ते कळणं यात फार फरक आहे. रात्री घाटात समोरून लांबून गाडी येताना बघा, तिचे दोन हेडलाईट एकच दिवा वाटतात, मोटरसायकल आहे का ट्रक ते कळत नाही, पण तो दिवा रस्त्याच्या कुठल्या वळणावर आहे ते मात्र पक्कं सांगता येतं. तुम्हाला दोन दिवे वेगळे करायचेच नाहीयेत. तुम्हाला एका ओळखीच्या आकाराचा मध्य शोधायचाय.

तो किती बारकाईने शोधता येतो? अशा सेन्सरच्या एका पिक्सेलमध्ये भरताना साधारण दहा हजार इलेक्ट्रॉन मावतात, त्यामुळे शॉट नॉइज, म्हणजे उजेडाचा स्वतःचा चढउतार, अंदाजे एक टक्का. काळ्यातून पांढऱ्यात जाणारी कड चित्रात दोन-तीन पिक्सेल पसरलेली असते, तर एका ओळीतून त्या कडेची जागा पिक्सेलच्या दोन-तीन शतांशापर्यंत कळते. अशा हजार ओळी वापरल्या की वर्गमुळाच्या हिशोबाने आणखी तीसपट बरं, म्हणजे पिक्सेलचा हजारावा भाग, म्हणजे तुमच्या सेटअपमध्ये कागदावर अर्ध्या नॅनोमीटरच्याही खाली. कागदावर. १०० नॅनोमीटर त्याच्या कितीतरी वर आहेत, म्हणून म्हटलं की पिक्सेलची काळजी सोडा. कड मुद्दाम थोडी पसरलेली असणं हे इथे चांगलंच असतं, कारण कड जर एका पिक्सेलच्या आत संपली तर ती पिक्सेलच्या पोटात कुठे आहे ते सांगणारी माहितीच उरत नाही.

या हिशोबाला एक खोड आहे, ती आधीच सांगून ठेवते. बहुतेक जण मॅचटेम्प्लेट, म्हणजे ओपनसीव्हीचं नमुना जुळवून बघणारं फंक्शन, चालवतात, मग कोरिलेशनच्या, म्हणजे जुळणीच्या आकड्यांच्या, शिखराभोवतीच्या तीन आकड्यांतून पॅराबोला काढतात आणि त्याचं टोक घेतात. काम चालतं, पण उत्तर पूर्ण पिक्सेलकडे ओढलं जातं, याला पिक्सेल लॉकिंग म्हणतात. ते आहे का नाही हे बघणं सोपं आहे: स्टेज एकदम हळू, एकसारखं, चार-पाच पिक्सेल चालवा, आलेल्या आलेखातून सरळ रेषा वजा करा, उरलेल्यात बरोबर एक पिक्सेल लांबीची लाट दिसली की समजा लॉकिंग आहे. माझ्या सुरुवातीच्या सेटअपमध्ये ही लाट ०.०५ पिक्सेलची होती, म्हणजे १७ नॅनोमीटर. तुमच्या अटीत खपेल, पण नंतर तुम्ही वेग काढायला याच डेटाचं डिफरन्शिएशन कराल तेव्हा ही लाट वर येऊन बसेल आणि तुम्हाला वाटेल पिएझोच थरथरतोय.

म्हणून माझा सल्ला, शक्य असेल तिथे ग्रिपरचा आकार शोधत बसू नका, त्याच्या शेजारी एक काचेचा तुकडा चिकटवा ज्यावर ठरावीक अंतराने ठिपके आहेत, आणि फेज, म्हणजे ठिपक्यांची लाट किती सरकलीय ते, मोजा. कल्पना व्हर्निअर कॅलिपरसारखीच आहे: एका रेषेकडे न बघता अनेक रेषा मिळून काय सांगतात ते बघायचं. समजा ठिपक्यांचा पिरियड, म्हणजे एका ठिपक्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर, १० मायक्रॉन, म्हणजे चित्रात २९ पिक्सेल. चित्राचा टू-डी एफएफटी घ्या, म्हणजे चित्र लाटांमध्ये फोडा, दोन दिशांचे दोन ठळक शिखर दिसतील, एकेका शिखराभोवतीचा भाग ठेवून बाकीचं शून्य करा, उलटा एफएफटी घ्या, जो कॉम्प्लेक्स आकडा येतो त्याची फेज काढा, अनरॅप करा, म्हणजे मधल्या उड्या काढून सलग करा, आणि त्या फेजवर लीस्ट स्क्वेअरने एक सपाट पातळी बसवा. त्या पातळीचा उतार कोन सांगतो, मधल्या बिंदूची फेज जागा सांगते. १०० नॅनोमीटर म्हणजे इथे एका पिरियडचा शंभरावा भाग, आणि फेज तर हजाराव्या भागाच्याही खाली आरामात जाते, कारण चित्रातला प्रत्येक पिक्सेल त्या उत्तराला हातभार लावत असतो, एखादा ठिपका धुळीखाली गेला तरी बाकीचे सांभाळून घेतात. पातळी बसवताना चित्राच्या कडेचा भाग गाळा, एफएफटीमुळे तिथली फेज बिघडलेली असते.

अडचण एकच, फेज पिरियडनंतर परत शून्यावर येते, त्यामुळे १० मायक्रॉनच्या पलीकडे आपण नक्की कितव्या ठिपक्यावर आहोत ते कळत नाही. या अडचणीवर सगळ्यात सुंदर उत्तर फ्रान्समधल्या बझाँसोंच्या फेम्टो-एसटी संस्थेतल्या लोकांनी काढलंय. त्यांनी ठिपक्यांच्या जाळीतून काही ठिपके ठरवून गाळले, अशा क्रमाने की जाळीचा कुठलाही छोटा तुकडा कॅमेऱ्याला दिसला तरी तो पूर्ण काचेवर नेमका कुठला आहे ते बायनरी कोडसारखं वाचता येतं. कोड सांगतो कितवा ठिपका, फेज सांगते त्या ठिपक्याच्या आत किती. २०२० मध्ये त्यांनी याच पद्धतीने १० सेंटीमीटरच्या पल्ल्यात १ नॅनोमीटरचं रिझोल्यूशन दाखवलं, म्हणजे पल्ला आणि रिझोल्यूशन यांचं गुणोत्तर दहा कोटी. पहिल्यांदा तो पेपर वाचला तेव्हा मी तो आकडा परत परत तपासला होता. त्यांच्या सॉफ्टवेअरचं नावही व्हर्निअरच आहे आणि ते सार्थ आहे, कारण ज्याच्या नावाने आपण कॅलिपर ओळखतो तो पिअर व्हर्निअर बझाँसोंजवळच्याच ऑर्नां गावात जन्मला आणि १६३१ मध्ये त्याने आपली पट्टी मांडली. घड्याळांचं शहर आहे ते, बारीक मोजण्याची सवय तिथल्या हवेतच आहे असं मला नेहमी वाटतं.

तुम्हाला एवढं लागणार नाही. सेन्सर ५ मेगापिक्सेलचा धरला तर तुमची फ्रेमच, म्हणजे कॅमेऱ्याला एका वेळी दिसणारी जागा, ०.८४ बाय ०.७ मिलिमीटरची आहे, त्यातून स्टेज बाहेर जात नसेल तर साधी जाळी पुरते, आणि कितवा ठिपका ते फ्रेम-टू-फ्रेम मोजत राहिलात तरी चालतं, फक्त दोन फ्रेमच्या मधे अर्ध्या पिरियडपेक्षा जास्त हालचाल होऊ द्यायची नाही. काच कुठून आणायची, तर तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये किंवा जवळपास क्लीनरूम असेल तर क्रोम मास्कच्या, म्हणजे चिप बनवायला लागणाऱ्या नक्षीच्या काचेच्या, एखाद्या कोपऱ्यात तुमची जाळी टाकून घ्या, मास्क नाहीतरी कोणाचा तरी बनतच असतो. ते नाही जमलं तर मिलिमीटरला १०० रेषांची रोंकी रूलिंग, म्हणजे समांतर रेषांची काच, विकत मिळते, तिचा पिरियड बरोबर १० मायक्रॉन, पण ती एकाच दिशेला मोजते हे ध्यानात ठेवा. लेझर प्रिंटरवर ठिपके छापून आणू नका, त्याची कड मायक्रोस्कोपखाली बघितलीत तर कारण आपोआप कळेल.

आता मुख्य गोष्ट. सगळं जोडून झालं, कोड चालला, की स्टेजची पॉवर बंद करा, काहीही हलवू नका, आणि संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत दर सेकंदाला एक पोझिशन नुसती नोंदवत राहा. जे हलत नाहीये ते किती हललं, हा तुमचा खरा आकडा.

मी हे पहिल्यांदा केलं ते योगायोगाने. एका कामासाठी आम्ही ५० नॅनोमीटरचा दावा केला होता, दिवसा दहा-दहा मिनिटांच्या चाचण्या छान येत होत्या, एकदा प्रोग्रॅम बंद करायचा राहिला आणि सकाळी येऊन आलेख बघितला तर सुरुवातीच्या चाळीस मिनिटांत चित्र ३ मायक्रॉन सरकलेलं. मग त्याच्यावर करवतीच्या दात्यांसारखी लाट, दर बारा-तेरा मिनिटांनी एक दात, प्रत्येक दात ०.४ मायक्रॉनचा, आणि पहाटे सहानंतर हळूहळू एकाच बाजूला चढ. स्टेज बंद होतं, काहीच हलत नव्हतं. सुरुवातीचे ३ मायक्रॉन म्हणजे कॅमेरा तापत होता, आतला सेन्सरचा बोर्ड गरम होऊन माउंटसकट सरकत होता. दाते म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर, चालू-बंद, चालू-बंद. आणि पहाटेचा चढ म्हणजे पूर्वेची भिंत, तिच्यावर ऊन यायला लागलं होतं.

हिशोब करून बघा म्हणजे पटेल. मायक्रोस्कोप ज्या आडव्या हातावर लटकला होता तो १५० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम एका डिग्रीला दशलक्षात २३ भाग वाढतं, म्हणजे हा हात एका डिग्रीला जवळजवळ साडेतीन मायक्रॉन लांब होतो. ०.४ मायक्रॉनच्या दात्याला तापमानात ०.१२ डिग्रीचा फरक पुरतो, आणि तेवढा फरक तुमच्या अंगाला कधीच जाणवत नाही. स्टील असतं तर निम्मं, इन्व्हार (तापून फार कमी वाढणारा लोखंड-निकेलचा मिश्रधातू) असतं तर विसावा भाग, पण इन्व्हारची किंमत बघितलीत तर दुसरा उपाय शोधाल.

दुसरा उपाय स्वस्त आहे आणि मी तोच करते: त्याच फ्रेममध्ये दोन जाळ्या ठेवायच्या, एक हलणाऱ्या ग्रिपरवर आणि एक खालच्या स्थिर बेसवर, दोन्हीची जागा एकाच चित्रातून काढायची आणि वजाबाकी करायची. कॅमेरा तापला, हात लांब झाला, कोणी शेजारून चालत गेलं, दोन्ही जाळ्या सारख्याच सरकतात आणि वजाबाकीत ते निघून जातं. आमचा तोच सेटअप, तोच एसी, रात्रभराचा ड्रिफ्ट १५ नॅनोमीटरवर आला. अर्थात ते म्हणावं तेवढं सरळ नव्हतं, कारण १०एक्सला फोकसची खोली जेमतेम ७ मायक्रॉन, त्यामुळे दोन्ही काचांचे पृष्ठभाग त्या ७ मायक्रॉनच्या आत एका पातळीत आणायला लागतात आणि दोघांच्या मधे स्टेजच्या हालचालीपुरती फटही ठेवायला लागते, आमचे त्यात तीन आठवडे गेले. तुम्ही डिझाईन करतानाच त्याची सोय करा, बेसमधून एक छोटा खांब वर आणा आणि त्याच्या माथ्यावर काच बसवा, खाली एखादी शिम, म्हणजे पातळ पत्रा, घालून उंची जुळवता येईल असं. आणि हे पण बघा की तो खांब आणि ग्रिपर यांच्यामधलं जे काही तापतं ते वजाबाकीत जात नाही, म्हणजे पिएझो स्वतः गरम झाला तर ते दिसणारच. ते दिसायलाच हवं, ती खरी हालचाल आहे.

काच चिकटवण्याबद्दल दोन शब्द, कारण यावर कोणी लिहीत नाही. डबल टेप वापरू नका, टेप दिवसेंदिवस सरकत राहतो आणि त्याचं सरकणं हुबेहूब पिएझोच्या क्रीपसारखं दिसतं, मी एकदा पूर्ण एक महिना टेपच्या क्रीपचं मॉडेल बनवत होते आणि मला वाटत होतं पिएझोचं बनवतेय. इन्स्टंट ग्लूची वाफ काचेवर पांढरट थर धरते, जवळ लेन्स असेल तर तिच्यावरही. सावकाश सेट होणारा दोन भागांचा इपॉक्सी घ्या, अगदी थोडा, तीन ठिपके, आणि चोवीस तास हात लावू नका. सुकताना तो आकसतो, पण एकदा आकसून झाला की स्थिर राहतो.

आता गाईडना एक गोष्ट विचारून घ्या: १०० नॅनोमीटर म्हणजे नक्की काय? रिझोल्यूशन, म्हणजे एवढी हालचाल दिसायला हवी? रिपीटॅबिलिटी, म्हणजे परत त्याच जागी आलं की तोच आकडा यायला हवा? का ॲक्युरसी, म्हणजे खरोखरचं अंतर एवढ्या चुकीच्या आत कळायला हवं? पहिली दोन तुम्ही वरच्या पद्धतीने मिळवाल. तिसरी वेगळी लढाई आहे, कारण तिथे तुमची पट्टीच खरी असायला लागते. ८०० मायक्रॉनवर १०० नॅनोमीटर म्हणजे आठ हजारात एक भाग. कॉलेजच्या बॉटनी नाहीतर झूलॉजीच्या लॅबमध्ये काचेचं स्टेज मायक्रोमीटर असतंच, एका मिलिमीटरचे शंभर भाग केलेलं, ते सुरुवातीला स्केल काढायला उत्तम, पण सर्टिफिकेट नसेल तर त्यावर ॲक्युरसीचा दावा करू नका. लिथोग्राफीने, म्हणजे मास्क बनवायच्या तंत्राने, बनवलेल्या जाळीचा पिरियड बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो. आणि काच १८० अंशात फिरवून परत मोजा, फरक आला तर तो काचेचा नाही, तुमच्या लेन्सचा किंवा कॅमेऱ्याचा आहे. खर्च काही नाही, अर्धा दिवस जातो.

ओपनसीव्हीचं चेसबोर्ड कॅलिब्रेशन इथे तसंच्या तसं चालवू नका. ते पर्स्पेक्टिव्हवर उभं आहे, आणि मायक्रोस्कोपमध्ये पर्स्पेक्टिव्ह जवळजवळ नसतोच, फोकसची खोली इतकी कमी की बोर्ड वेगवेगळ्या कोनात धरताच येत नाही, मग फोकल लेंथ आणि अंतर हे दोन आकडे एकमेकांपासून सुटत नाहीत आणि काहीही उत्तर येतं. साधं अफाईन मॉडेल बसवा, एक्सचा स्केल, वायचा स्केल, फिरणं, थोडा शिअर. लागलंच तर डिस्टॉर्शनची एक टर्म.

तिरकेपणाचं मात्र मनावर घ्या. कॅमेरा एक अंश तिरका असेल तर ५०० मायक्रॉनच्या हालचालीत कोसाईनमुळे ७६ नॅनोमीटर कमी दिसतात, ते निदान स्केलमध्ये सामावून जातं. पण त्याच एका अंशाने, स्टेज चालताना १० मायक्रॉन वरखाली झालं तर ते तुम्हाला ०.१७ मायक्रॉन बाजूला सरकल्यासारखं दिसेल, आणि फ्लेक्शर स्टेज थोडं वरखाली होतंच. दुसरं, ॲबेची चूक. जाळी आणि ग्रिपरचं टोक यांच्यात १० मिलिमीटर अंतर असेल आणि स्टेज चालताना १०० मायक्रोरेडियन फिरलं तर टोक एक पूर्ण मायक्रॉन भलतीकडे असतं आणि जाळीला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून जाळी टोकाच्या जितकी जवळ लावता येईल तितकी लावा आणि फेजमधून आलेला कोन फेकून देऊ नका, तो वापरून टोकाची जागा दुरुस्त करा. हा कोन फुकट मिळतो आणि निम्मे लोक तो वापरत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

कॅमेरा आणि उजेड भरभर सांगते. मोनोक्रोम कॅमेराच घ्या, रंगीत कॅमेऱ्यात शेजारच्या पिक्सेलवरून रंग भरलेला असतो आणि सबपिक्सेलचं गणित तिथेच बिघडतं. यूएसबीचा स्वस्त मायक्रोस्कोप आधीच चित्र दाबून पाठवतो, तो बघायला ठीक, मोजायला नाही. ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन, शार्पनिंग, गॅमा सगळं बंद. पांढरा भाग कमाल आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, एकदा सॅच्युरेट झाला की कड कुठे आहे ते कायमचं गेलं. शटर ग्लोबल हवं, रोलिंग शटरमध्ये वरची ओळ आणि खालची ओळ वेगळ्या वेळी टिपली जाते आणि हलणारी जाळी तिरकी दिसते. उजेड एकाच रंगाच्या एलईडीचा, हिरवा चांगला, लेन्समधूनच खाली येणारा कोॲक्शियल, आणि डीसीवर चालणारा, कारण साध्या ड्रायव्हरवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. बाजूने टॉर्च मारल्यासारखा उजेड दिलात तर फोकस थोडा जरी बदलला तरी चित्र बाजूला सरकतं. आमच्याकडे एकदा ग्रिपरची सावली जाळीवर पडत होती, ग्रिपर उघडला की पोझिशन ८० नॅनोमीटर उडी मारायची, दोन दिवस आम्ही ग्रिपरचा रिअॅक्शन फोर्स शोधत होतो आणि होती ती फक्त सावली.

एक्स्पोजर हलवताना किती ठेवायचं ते गुणाकार करून ठरवा: सेकंदाला १ मिलिमीटर वेग आणि १० मिलिसेकंद एक्स्पोजर म्हणजे १० मायक्रॉनचा फराटा, तुमच्या जाळीचा अख्खा पिरियड पुसला जातो. तोच एलईडी ५० मायक्रोसेकंदांसाठी झगमगवला तर फराटा ५० नॅनोमीटर.

लूप जोडताना, म्हणजे कॅमेऱ्याचा आकडा परत देऊन पिएझो चालवताना, सगळ्यात जास्त लोक उशिरात अडकतात. सेकंदाला १०० फ्रेमचा कॅमेरा आहे म्हणून १० मिलिसेकंदांत उत्तर येत नाही, एक्स्पोजर, सेन्सर वाचणं, यूएसबी, एफएफटी सगळं मिळून ३० मिलिसेकंद सहज होतात, तोवर १ मिलिमीटर प्रति सेकंद वेगाचं स्टेज ३० मायक्रॉन पुढे गेलेलं असतं. एवढ्या उशिरावर मी लूप ४-५ हर्ट्झच्या वर नेत नाही. लांबची चाल ओपन लूपमध्ये, हिस्टेरेसिसचं मॉडेल लावून, आणि शेवटचे दोन-तीन मायक्रॉन थांबून, बघून, सरकवून. हे हळू वाटतं पण मायक्रोअसेंब्लीत पोचल्यावर स्थिर असणं महत्त्वाचं असतं. फ्रेमला वेळ कॉम्प्युटरच्या घड्याळाने लावू नका, हार्डवेअर ट्रिगर, म्हणजे वायरीतून कॅमेऱ्याला फोटो काढायचा इशारा, द्या आणि तीच वेळ पकडा. सरासरीबद्दल पण, सोळा फ्रेमची सरासरी घेतली तर नॉइज चौथा हिस्सा होतो, ड्रिफ्ट तेवढाच राहतो, आणि एका मर्यादेनंतर जास्त वेळ सरासरी घेतली तर उत्तर उलट बिघडतं. ती मर्यादा कुठे आहे ते रात्रभराच्या त्याच डेटातून कळतं.

जिथे जाळी चिकटवताच येत नाही, म्हणजे काचेची मायक्रोपिपेट, सुईचं टोक, एखादी पेशी, तिथे काय? तिथे हल्ली लोक सरळ न्यूरल नेटवर्क लावतात आणि टोक सापडलं की खूश होतात. सापडवायला ते खरंच छान आहे, पसाऱ्यातून, अर्धवट फोकसमधून, सावलीतून टोक शोधून देतं. पण त्याचा आकडा मोजमाप म्हणून घेऊ नका, त्याची चूक कशी वागते ते सांगता येत नाही, ट्रेनिंगमध्ये कोणीतरी माऊसने टिचकी मारून टोक दाखवलेलं असतं आणि ती टिचकीच दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे असते. नेटवर्कने जागा दाखवावी, मग तेवढ्याच चौकटीत फेज कोरिलेशन लावा, सायकिट-इमेज या पायथन लायब्ररीत ते तयार आहे, अपसॅम्पल फॅक्टर १०० ठेवा. त्याने टोकाची पहिल्या फ्रेमपासूनची हालचाल चांगली कळते, आणि ग्रिपरच्या बाबतीत तेवढंच पुरतं.

राहिला झेड. वरच्या कॅमेऱ्याने झेड मोजायचा हट्ट धरू नका. चित्र किती स्पष्ट आहे यावरून उंची काढता येते, पण फोकसच्या अगदी मध्यावर स्पष्टता बदलतच नाही, म्हणजे जिथे तुम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे तिथेच ही पद्धत आंधळी असते, आणि वर आहे का खाली तेही कळत नाही. कॅमेऱ्यासमोर कमजोर सिलिंड्रिकल लेन्स घातली तर ठिपका वर गेल्यावर एका दिशेने लांबट आणि खाली गेल्यावर दुसऱ्या दिशेने लांबट होतो, त्यातून चिन्ह आणि अंतर दोन्ही मिळतं, पण मग तुमच्या एक्स-वायच्या फेजमध्ये त्याची भेसळ येते आणि दोन्ही परत कॅलिब्रेट करायला लागतात. तुमच्याकडे वेळ एका सेमिस्टरचा आहे. बाजूने दुसरा कॅमेरा लावा, ५एक्सचा टेलिसेंट्रिक (अंतर बदललं तरी चित्राचा आकार न बदलणाऱ्या लेन्सचा) असला तरी चालेल, ग्रिपरच्या बाजूच्या कडेवर रोंकी रूलिंगचा छोटा तुकडा आडवा चिकटवा, म्हणजे रेषा क्षितिजासमांतर येतील, आणि हाच फेजचा कोड तिथे एका दिशेला चालवा. त्या कॅमेऱ्याच्या फ्रेममध्येही स्थिर तुकडा ठेवायला विसरू नका, आणि दोन्ही कॅमेऱ्यांना ट्रिगर एकाच वायरीतून द्या.